शरणपूरची पोरं, राबाईची मंडळी

नाशिकमध्ये शरणपूर रोड माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगितलं की पुरे. दुकानं, दवाखाने, बँका, संध्याकाळची वाहनांची रांग हे सगळं आपल्या रोजच्या पाहण्यातलं. पण हे शरणपूर म्हणजे नेमकं कोणतं पूर, तिथं शरण कोण आलं होतं आणि कुणापासून, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. आज त्या नावाची गोष्ट सांगायची आहे. ती नाशकात सुरू होते, समुद्र ओलांडून आफ्रिकेत जाते आणि पुन्हा नाशिकजवळच्या एका खेड्यापाशी परत येते.

त्याआधी एका शब्दाविषयी. मराठी बायबलमध्ये चर्चला 'मंडळी' म्हटलं आहे. आपण 'काय मंडळी, जमलात का सगळे?' असं म्हणतो, तोच हा शब्द. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती पत्रांमध्ये अमक्याच्या घरी जमणारी मंडळी, असा उल्लेख वारंवार येतो. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तंबू शिवणारं जोडपं. त्यांच्या घरी अशीच मंडळी जमे. चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच मनोरा आणि घंटा येते. पण पहिली सुमारे तीनशे वर्षं या धर्माला अशा इमारती जवळजवळ नव्हत्याच. सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी दुरा-युरोपोस नावाचं जुनं शहर आहे. तिथल्या उत्खननात १९३०च्या दशकात एक घर सापडलं. इसवी सन २४०च्या सुमारास कुणीतरी या साध्या राहत्या घरातली दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक दालन केलं होतं. साठ-सत्तर माणसं दाटीवाटीनं बसतील एवढंच. तिसऱ्या शतकातलं चर्च म्हणजे हे असं होतं.

मग एवढ्याशा घरांतून हा धर्म रोमन साम्राज्यभर पसरला कसा? राजाश्रय नव्हता, उलट अधूनमधून छळच होत होता. एक माणूस दुसऱ्याला शिकवी आणि ते शिकवणंही असं की, शिकलेला माणूस तिसऱ्याला शिकवू शकेल. गुरूनं शिष्य करायचा आणि त्या शिष्यानं पुढचा शिष्य करायचा. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. इथून जवळच त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना दिलं, त्यांनी धाकट्या भावाला, ज्ञानदेवांना दिलं आणि ज्ञानदेवांनी ते मराठीत सगळ्यांसाठी मोकळं केलं. परंपरा वेगळी, श्रद्धा वेगळी, पण दिव्यानं दिवा लावण्याची रीत तीच.

आता शरणपूरकडे येऊ. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज संस्थेनं नाशकात १८३२ साली काम सुरू केलं. त्या काळी नाशकात ख्रिस्ती होणं म्हणजे काय होतं, हे समजून घेतलं पाहिजे. पाणवठा बंद, घर बंद, जात बंद. कुळानं शेत काढून घेतलं, भावांनी वाटणी नाकारली, असं सर्रास होई. तेव्हा अशा माणसांना निदान राहायला जागा आणि हाताला काम असावं म्हणून मिशनरी विल्यम प्राइस यांनी १८५४च्या सुमारास गावाच्या पश्चिमेला एक वस्ती वसवली. बायबलच्या जुन्या करारात शरणपुरांचा उल्लेख आहे. संकटात सापडलेल्या माणसानं तिथं पोचावं आणि त्याला अभय मिळावं, अशी ती नगरं. त्यावरून या वस्तीचं नाव शरणपूर.

तिथं शाळा होती, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवण्याची सोय होती. पण याच वस्तीबद्दल एक टीकाही झाली आणि ती अगदीच खोटी नव्हती. जागा मिशनची, काम मिशनचं, पगार मिशनचा. मग श्रद्धा कुणाची? माणूस देवाला शरण आला की साहेबाला? हिंदू समाजातून हा प्रश्न विचारला जाई आणि ख्रिस्ती समाजातली विचारी माणसंही तो स्वतःला विचारत. हा प्रश्न लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

शरणपुरात १८६०च्या सुमारास एक निराळीच मुलं आली. हिंदी महासागरात गुलामांचा व्यापार तेव्हा जोरात होता. पूर्व आफ्रिकेतल्या खेड्यांवर धाडी पडत, माणसं पकडून गलबतांत कोंबली जात आणि अरबस्तानाकडे विकली जात. इंग्रज आरमार यातली काही गलबतं पकडी आणि सुटलेल्या लोकांना मुंबईत आणून सोडी. त्यांतल्या अनाथ मुलामुलींना शरणपूरला पाठवलं जाऊ लागलं. आईबापांची नावं, गावाची वाट, भाषा, सगळं हरवलेली ही मुलं गोदावरीच्या काठी वाढली. सुतारकी शिकली, लोहारकी शिकली, वाचायला-लिहायला शिकली. इंग्रजी ग्रंथांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हटलं आहे. नाशिकचं नाव जगाच्या इतिहासात कुंभमेळ्यामुळे गेलं तसं या मुलांमुळेही गेलं, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

आफ्रिकेचा प्रसिद्ध संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी निघाला, तेव्हा त्यानं नाशिकची नऊ मुलं बरोबर घेतली. पुढे त्याच्या मदतीला आणखी काही गेली. १ मे १८७३ रोजी तो आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा त्याच्या सामानाची यादी करणारा आणि अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा होता जेकब वेनराइट, आपल्या शरणपूरचा विद्यार्थी. सोबत्यांनी तो देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणला. जेकब त्याबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये खांदेकऱ्यांत उभा राहिला.

ही गोष्ट थोडीफार तरी माहीत असते. मला सांगायची आहे ती दुसरी, कमी माहीत असलेली.

मोंबासाजवळ राबाई नावाचं गाव आहे. तिथं क्राफ आणि रेबमन या जर्मन मिशनऱ्यांनी १८४६ साली ठाणं मांडलं. दोघेही मोठे विद्वान. कोश रचले, भाषांतरं केली, नकाशे काढले. पण जवळजवळ अठरा वर्षांत त्यांच्याभोवती जमलेली माणसं हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढीच. १८६४ साली तिथं नाशिकहून तीन तरुण गेले. जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर. नावं इंग्रजी, शिक्षण नाशिकचं, जन्म आफ्रिकेतला. साहेबाचे मदतनीस म्हणून ते गेले होते.

मोठ्या विद्वानांना जे जमलं नाही ते यांना थोडंफार जमू लागलं. कारण उघड आहे. हे लोक समोर बसून उपदेश करणारे नव्हते, शेजारी राहणारे होते. राबाईच्या आसपास गिरियामा लोकांची खेडी होती. त्यांच्यातले काहीजण राबाईला येऊन शिकले आणि आपापल्या गावी परत गेले. तिथं कुणी मिशनरी नव्हता, चर्च नव्हतं, पगार नव्हता. घरी जमायचं, वाचता येणाऱ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि पाठ करायचं, एवढाच कार्यक्रम. दुरा-युरोपोसच्या घरात सोळाशे वर्षांपूर्वी जे चाललं असेल तेच. फुलादोयो नावाच्या वस्तीत मालकाकडून पळून आलेले गुलामही या मंडळीत सामील झाले. त्यांचा पुढारी डेव्हिड कोई हा गिरियामाच होता. १८८३ साली त्याला पकडून त्याचा शिरच्छेद झाला. पळालेल्यांना थारा दिल्याची ती किंमत होती.

इकडे प्राइससाहेब १८७४ साली मोंबासाला गेले आणि मुक्त गुलामांसाठी त्यांनी किनाऱ्यावर फ्रियर टाउन वसवलं. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचं ते नाव. मदतीला त्यांनी माणसं बोलावली ती अर्थातच नाशिक-मुंबईकडची. शरणपुरातला आफ्रिकन आश्रम संपला तो असा. नाशिककरांना ती मुलं गेल्याचं दिसलं. ती कुठं पोचली, ते दिसलं नाही.

जोन्स आणि सेमलर यांना १८८५ साली धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. आणि आता त्या प्रश्नाचं उत्तर देण्याची वेळ जोन्सवर आली. राबाईची वस्ती त्याच्या देखरेखीखाली होती. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रात्री-अपरात्री तिथं येत. त्यांना थारा देऊ नये, मालकांशी तंटा नको, असं मिशनचं अधिकृत धोरण होतं. इंग्रज सरकारलाही भांडण नको होतं. साहेबाचा पगारी नोकर असता तर जोन्सनं दार लावून घेतलं असतं. पण तो स्वतः गलबतातून सुटून आलेला पोर होता. शरणपुरात वाढला होता. त्याच्या वस्तीत माणसं वाढत राहिली. १८८८ साली मालक हत्यारं घेऊन उठण्याच्या बेतात आले, प्राइससाहेबांना म्हातारपणी पुन्हा आफ्रिकेला धाव घ्यावी लागली आणि अखेर इंग्रज व्यापारी कंपनीनं मालकांना भरपाई देऊन १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे चौदाशे माणसांना मुक्ततेचे दाखले दिले. नाशिकच्या शरणपूरचं दुसरं शरणपूर तिथं झालं होतं.

'श्रद्धा कुणाची' याचं उत्तर असं कृतीतून मिळतं. मालकाला किंवा साहेबाला न विचारता शिष्य योग्य ते करू लागला, की समजायचं, शिकवण रुजली.

आता परत नाशिककडे. गंगापूर रस्त्याला लागून गोदाकाठी जलालपूर आहे. तिथं १८६८ साली गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचं लग्न १८८० साली नाशकात वाढलेल्या, काव्याचा नाद असलेल्या एका तरुणाशी झालं. ही लक्ष्मीबाई आणि हा नारायण वामन टिळक. टिळकांना नवा करार दिला तो आगगाडीतल्या एका सहप्रवाशानं, नागपूरहून राजनांदगावला जाताना. सभा नाही, व्याख्यान नाही, डब्यातल्या बाकावरचा संवाद. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला. घर मात्र मोडलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या, पण आपला धर्म सांभाळून. सोवळं-ओवळं त्यांच्या मनातून सावकाश, त्यांच्या स्वतःच्या वेगानं गळालं आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला कळतं की घरातल्या माणसाला शिष्य करणं सर्वांत अवघड, आणि तिथं घाई केली तर सगळंच हातचं जातं.

टिळकांनाही शरणपूरचा तोच जुना प्रश्न छळत होता. मिशनच्या पगारावर राहून आपण सांगतो ते लोकांना नोकरीचं बोलणं वाटतं, हे त्यांना सलत होतं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. पगार नाही, परदेशी पैसा नाही, भजन-कीर्तन, एकत्र जेवण. विचार अतिशय मोलाचा. पण ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार ओसरला. कारण दरबारात सगळे टिळकांचे शिष्य होते. शिष्यांचे शिष्य व्हायला दोन वर्षं पुरली नाहीत.

टिकली ती त्यांची भजनं. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. कुणाच्या घरी वाढदिवस, बारसं किंवा दुःखाचा प्रसंग असला, की मंडळी जमते, पेटी निघते, तबल्यावर थाप पडते आणि आजी नातवाला चाल शिकवते. तो नातू पुढे कुणाला तरी शिकवतो. दरबाराला जे साधलं नाही ते गाण्याला साधलं.

धर्मांतर हा शब्द उच्चारला की आज आवाज लगेच चढतात. एका बाजूला आमिषाचा आरोप, दुसऱ्या बाजूला दुखावलेपण. दोन्ही बाजूंना या इतिहासातून घेण्यासारखं आहे. जिथं माणसं केवळ आधारासाठी आली तिथं आधार सरताच वस्ती विरळ झाली, हे मान्य करायला हरकत नाही. आणि जिथं एकानं दुसऱ्याला घरात बसून, जीव लावून शिकवलं तिथं ते साहेब गेल्यावरही टिकलं, हेही मान्य करायला हवं. कुठल्याही धर्माची, विचाराची, चळवळीची हीच परीक्षा आहे. तुमच्यामागे किती लोक आले हे मोजून भागत नाही. तुमच्या पश्चात, तुम्हाला कधीही न पाहिलेल्या माणसाला ते कुणी शिकवलं का, हे पाहायला हवं.

पुढच्या वेळी शरणपूर रोडवर सिग्नलला अडकलात तर थोडं आठवून पाहा. याच वाटेनं आईबाप हरवलेली काही पोरं शाळेत जात होती. त्यांतल्याच एकानं पुढं समुद्रापलीकडं, रात्री दारात आलेल्या माणसाला आत घेतलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)