डोरो खोऱ्याची दुसरी वाइन

पोर्तुगालची वाइन म्हटली की आपल्याकडे एकच नाव ओठांवर येतं, ते म्हणजे पोर्ट. गोव्याहून परतलेल्या कुणाच्या तरी पिशवीतून त्या नावाची गोड, लाल बाटली निघालेली आपण पाहिलेली असते. मूळ पोर्ट मात्र उत्तर पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यातली. आज मी बोलणार आहे ते याच खोऱ्यातल्या दुसऱ्या वाइनबद्दल. ती गोड नाही आणि तिच्यात वरून ब्रँडीही घातलेली नाही. तिचं नाव ‘किंता दो वाले मेआंव’. किंता म्हणजे कोकणात आपण जिला वाडी म्हणतो तशी द्राक्षांची वाडी. या वाइनचं पहिलं पीक 1999चं. ज्या खोऱ्यात शतकानुशतकं द्राक्षं पिकतात, तिथल्या साध्या लाल वाइनला नाव मिळवायला एवढा उशीर का व्हावा?

उत्तरासाठी 1703 सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी इंग्लंड आणि पोर्तुगालमध्ये मेथ्युएन करार झाला. पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी झाली आणि इंग्रज व्यापारी डोरोकडे वळले. समुद्रप्रवासात वाइन टिकावी म्हणून तिच्यात ब्रँडी मिसळली जाऊ लागली. पुढे ही ब्रँडी रस आंबत असतानाच घालायची रीत रूढ झाली. त्यामुळे आंबण्याची क्रिया मध्येच थांबते, द्राक्षातली साखर शिल्लक राहते आणि वाइन गोड आणि जहाल होते. हीच पोर्ट.

मागणी वाढली तशी भेसळही आली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डर नावाच्या झुडपाची फळं रसात मिसळली जात. तेव्हा पुढे मार्कीस द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने 1756 साली एक कंपनी स्थापन केली, खोऱ्याची हद्द आखली आणि त्या हद्दीवर ग्रॅनाइटचे तीनशेहून अधिक खांब रोवले. एल्डरची झुडपं उपटून टाकण्याचे हुकूम निघाले. पोर्तो शहरातल्या गुत्त्यांना दारू पुरवण्याचा मक्ताही कंपनीकडेच गेला. 1757 साली लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने अनेकांना फासावर चढवलं. एका वाइनचं नाव राखण्यासाठी माणसांचे जीव गेले, ही गोष्ट बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते.

या नावाचा मान एवढा वाढला, की खोऱ्यातल्या उत्तम द्राक्षांचं दुसरं काही करावं असं फारसं कुणाला वाटेनासं झालं. त्याविरुद्ध बोलला तो जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्रज व्यापारी. 1844 साली त्याने एक पुस्तिका काढली आणि व्यापारातल्या भेसळीवर व ब्रँडीच्या माऱ्यावर हल्ला चढवला. स्वतःचे व्यापारी बांधवच त्याच्यावर उलटले. याच फॉरेस्टरने डोरोचा नकाशा काढला आणि पोर्तुगालने त्याला बॅरन केलं. 12 मे 1861 रोजी वालेइराच्या घळीत त्याची नाव उलटली. नदी त्याला घेऊन गेली आणि त्याचा देह कधीच सापडला नाही.

त्या नावेत दोना अँतोनिया फेरेइरा होत्या. त्या वाचल्या. त्यांच्या घेरदार झग्याने त्यांना तरंगतं ठेवलं, असं तिथले लोक सांगतात. दोना अँतोनिया म्हणजे खोऱ्यातल्या बड्या बागायतदार. 1860च्या दशकात फिलॉक्सेरा ही मुळांचा रस शोषणारी कीड आली आणि डोंगरउतारावरचे मळेच्या मळे वाळले. अखेर उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना हे तंत्र समजावून सांगायला नको. पण कित्येकांना पुन्हा लागवड करणं जमलंच नाही. त्यांचे ओसाड दगडी बांध आजही उभे आहेत. तिथे त्यांना मोर्तोरियो म्हणतात, म्हणजे मेलेले मळे.

अशा काळात, 1877 साली, दोना अँतोनियांनी वालेइराच्याही वरच्या अंगाला, खोऱ्याच्या पूर्व टोकाकडे सुमारे 300 हेक्टर माळ विकत घेतला. पाऊस कमी, उन्हाळा कडक आणि जमीन पाटीसारख्या पापुद्र्यांच्या खडकाची. हेच वाले मेआंव. 1896 साली त्या वारल्या, तोवर तिथे वेली उभ्या राहिल्या होत्या. अर्थात त्यांनी हा मळा लावला तो पोर्टसाठीच.

फॉरेस्टरची वाट पुन्हा उघडली ती सुमारे 90 वर्षांनी. फेरेइरा कंपनीचे फर्नांदो निकोलाउ द आल्मेइदा फ्रान्समधल्या बोर्दोची वाइन पाहून आले होते. तशी वाइन इथेही का करू नये, असं त्यांच्या मनाने घेतलं. अडचण उष्णतेची होती. आंबणारा रस थंड ठेवला नाही तर वाइन बिघडते आणि मळ्यावर वीज नव्हती. तेव्हा त्यांनी समुद्रकाठच्या मातोझिन्योश या मासेमारी बंदरातून बर्फ मागवला. 1952 साली ‘बार्का वेल्या’ ही लाल वाइन तयार झाली आणि पोर्तुगालच्या सर्वांत मानाच्या वाइनमध्ये गणली जाऊ लागली. तिच्या द्राक्षांचा मोठा भाग येत असे तो वाले मेआंवमधून. पुढे फेरेइरा कंपनी विकली गेली. 1998 साली दोना अँतोनियांचे खापरपणतू फ्रान्सिस्को ओलाझाबाल कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी मळ्याच्याच नावाने वाइन काढायचं ठरवलं. ग्रॅनाइटच्या हौदात पायांनी द्राक्षं तुडवण्याची जुनी रीतही त्यांनी सोडली नाही.

मला या कथेत मोलाची वाटते ती एक गोष्ट. एखाद्या प्रदेशाला नाव मिळतं तेव्हा त्याला भाकरी मिळते, आणि त्याच नावाचं कुंपणही पडतं. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते मिरवताना डोरोचा हा धडा आपण ध्यानात ठेवावा. नाव जपायचं ते खरंच. पण त्या मातीत दुसरं काय पिकू शकतं, हे विचारणाऱ्या माणसालाही गावात जागा असली पाहिजे. आणि ज्यांनी डोंगर फोडून, दगडावर दगड रचून ते बांध घातले, त्यांची नावं तर पोर्टच्याही बाटलीवर नाहीत आणि या दुसऱ्या वाइनच्याही नाहीत.