आतडे, जीवाणू आणि खिन्नता : प्रोबायोटिक उपचारकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा (१९०७–२०२३)

प्रस्तावना

ताणजन्य नैराश्यावर उपकारक जीवाणूंचा, म्हणजेच प्रोबायोटिकांचा, उपयोग होऊ शकेल काय, हा प्रश्न एकविसाव्या शतकातील संशोधनाने प्रथम उपस्थित केला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो शंभर वर्षांहून जुना आहे. ही कल्पना एकदा उत्साहाने स्वीकारली गेली, पुढे त्याज्य ठरली आणि दीर्घ काळानंतर पुन्हा विचारात घेतली गेली. पहिल्या खेपेस ती काटेकोर चाचणीविनाच स्वीकारली गेली आणि तशीच नाकारलीही गेली. या प्रवासाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्वयंविषबाधेचा सिद्धांत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय वैद्यकात स्वयंविषबाधेचा सिद्धांत प्रचलित होता. मोठ्या आतड्यात अन्न कुजून निर्माण होणारी विषे रक्तात मिसळतात व शरीर आणि मन दोहोंना ग्रासतात, असे त्याचे प्रतिपादन होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांनी या विचाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. दुधाचे दही करणारे लॅक्टिक आम्लजनक जीवाणू ही कुजण्याची क्रिया रोखतात, असे मत त्यांनी १९०७ मधील दीर्घायुष्यविषयक ग्रंथात मांडले. पुढील वर्षी रोगप्रतिकारशक्तीविषयक कार्यासाठी त्यांना पॉल अर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. साहजिकच त्यांच्या मताचे वजन वाढले.

हाच धागा पकडून लंडनच्या बेथलेम रॉयल रुग्णालयातील डॉ. जॉर्ज पोर्टर फिलिप्स यांनी खिन्नतेच्या १८ रुग्णांना जिवंत लॅक्टिक जीवाणू असलेले खाद्य दिले. त्यांपैकी ११ रुग्ण पूर्ण बरे झाल्याचे त्यांनी १९१० मध्ये ‘जर्नल ऑफ मेंटल सायन्स’मध्ये नमूद केले. तथापि, तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता. रुग्ण जीवाणूंमुळे बरे झाले की काळाच्या ओघात, याचा निर्णय त्या नोंदीवरून करता येत नाही.

अतिरेक आणि त्याग

याच काळात आतड्यातील विषांच्या सिद्धांताने दुसरे, अधिक घातक वळण घेतले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक हेन्री कॉटन यांनी मनोविकारांचे मूळ शरीरातील दडलेल्या जंतुसंसर्गात शोधले. रुग्णांचे दात, टॉन्सिल्स आणि अखेरीस मोठ्या आतड्याचे भाग काढून टाकण्यापर्यंत त्यांची मजल गेली. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के असल्याचे त्यांनी स्वतःच मान्य केले होते. १९२०च्या दशकात डॉ. फिलिस ग्रीनएकर यांनी केलेल्या तपासणीत कॉटन यांचे यशाचे दावे टिकले नाहीत. मात्र तो अहवाल प्रकाशित झाला नाही.

तत्पूर्वी, १९१९ मध्ये, वॉल्टर अल्वारेझ यांनी स्वयंविषबाधेची म्हणून सांगितली जाणारी लक्षणे गुदाशयावरील केवळ यांत्रिक दाबानेही उद्भवतात, असे दाखवले होते. सिद्धांताचा पाया असा ढासळला. त्याबरोबर आतडे आणि मन यांच्या संबंधाचा मूळ प्रश्नही संशयास्पद ठरून मुख्य प्रवाहाबाहेर फेकला गेला.

पुनरागमन

२००४ मध्ये जपानमधील क्युशू विद्यापीठातील नोबुयुकी सुदो व सहकाऱ्यांनी पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. हालचाल रोखण्याच्या ताणानंतर या उंदरांत ताणसंप्रेरके सामान्य उंदरांपेक्षा अधिक स्रवली. बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस हा जीवाणू आतड्यात रुजवल्यावर हा अतिरेक ओसरला. २०११ मध्ये आयर्लंड व कॅनडातील संशोधकांनी लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससच्या एका वाणामुळे उंदरांतील चिंता व नैराश्यसदृश वर्तन घटल्याचे दाखवले. व्हेगस चेता कापल्यावर हा परिणाम दिसेनासा झाला. विषबाधेच्या जागी आता चेतामार्ग आणि संप्रेरके यांचे स्पष्टीकरण आले. २०१३ मध्ये टेड डिनन व सहकाऱ्यांनी अशा जीवाणूंसाठी ‘सायकोबायोटिक’ ही संज्ञा सुचवली.

मानवी चाचण्यांचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. इराणमधील काशान येथील ४० रुग्णांच्या चाचणीत (२०१६) नैराश्याची तीव्रता घटली. न्यूझीलंडमधील ७९ जणांच्या चाचणीत (२०१७) बनावट गोळीच्या तुलनेत फरक आढळला नाही. उंदरांत यशस्वी ठरलेला ऱ्हॅम्नोससचा तोच वाण २९ निरोगी पुरुषांत निष्प्रभ ठरला (२०१७). २०२३ मध्ये लंडनमध्ये औषधांना अपुरा प्रतिसाद देणाऱ्या ४९ रुग्णांत पूरक उपचार म्हणून आशादायक परिणाम दिसले. परंतु तो प्राथमिक स्वरूपाचा अभ्यास होता.

निष्कर्ष

फिलिप्स यांच्या १८ रुग्णांपासून लंडनच्या ४९ रुग्णांपर्यंत ११३ वर्षे लोटली. या काळात नियंत्रित चाचणीची शिस्त आली, कार्ययंत्रणेचे ज्ञान वाढले. तरी रुग्णसंख्या अद्याप अल्पच आहे. प्रोबायोटिकाची मान्य व्याख्या पुरेशा मात्रेतील, आरोग्यास लाभ देणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांपुरती मर्यादित आहे. एका वाणाचा गुण दुसऱ्याला लागू होत नाही. त्यामुळे घरच्या विरजणाला वा बाजारातील कोणत्याही पेयाला नैराश्यावरील औषध म्हणणे शास्त्रसंमत नाही. ट्रेंटनच्या रुग्णांनी अपुऱ्या पुराव्यावरील विश्वासाची किंमत प्राणांनी मोजली; त्या अतिरेकाच्या प्रतिक्रियेत एक विचारार्ह प्रश्न अनेक दशके दुर्लक्षित राहिला. मोठ्या व दीर्घकालीन चाचण्या होईपर्यंत या उपचाराकडे प्रस्थापित उपचारांचा पर्याय म्हणून नव्हे, तर संभाव्य पूरक म्हणून पाहणे, हाच या इतिहासातून निघणारा बोध होय.