जुनी क्रोनोग्राफ घड्याळे : किंमत नावाची, कस यंत्राचा

न्यूयॉर्क येथे २६ ऑक्टोबर २०१७ रोजी झालेल्या फिलिप्स या संस्थेच्या लिलावात हॉलिवूड अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना हे मनगटी घड्याळ १ कोटी ७७ लाख डॉलरना विकले गेले. मात्र, त्या घड्याळातील मूळ यंत्र रोलेक्सचे नव्हते. स्वित्झर्लंडमधील व्हालजू या यंत्रनिर्मात्या कारखान्याच्या ‘व्हालजू ७२’ या यंत्रावर ते आधारलेले होते. भारतीयांना ‘फेवरलुबा’ म्हणून परिचित असलेल्या फाव्र-ल्युबा कंपनीच्या काही क्रोनोग्राफमध्येही हेच यंत्र बसविलेले आढळते. जुन्या क्रोनोग्राफ घड्याळांच्या संग्रहाचे सारे अर्थशास्त्र या एका गोष्टीत सामावले आहे. लोकविलक्षण किंमत नावाला मिळते; यंत्र मात्र अनेक नावांत वाटलेले असते. नावाचा मोह आवरून यंत्र पाहणाऱ्या संग्राहकाला आजही माफक खर्चात उत्तम घड्याळ मिळू शकते.

क्रोनोग्राफ म्हणजे काय?

वेळ दाखविण्याबरोबरच हवा तेवढा कालावधी मोजण्याची सोय असलेल्या घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. चावीच्या वरच्या व खालच्या बाजूस असलेल्या कळांनी मोजणी सुरू होते, थांबते आणि काटा पुन्हा शून्यावर येतो. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारे’ असा होतो. फ्रान्समध्ये १८२१ साली निकोला रिओसेक यांनी घोड्यांच्या शर्यतीसाठी तयार केलेले यंत्र तबकडीवर शाईचा ठिपका उमटवीत असे. त्यावरून हे नाव रूढ झाले. त्याआधी १८१६ च्या सुमारास लुई मुआने यांनी खगोल निरीक्षणासाठी असेच यंत्र बनविले होते.

तबकडीच्या कडेची मापनपट्टी हे घड्याळ कोणासाठी बनले ते सांगते. टॅकिमीटर पट्टीवर वेग कळतो. एक किलोमीटर अंतर ३० सेकंदांत कापले, तर काटा १२० वर थांबतो. म्हणजे वेग ताशी १२० किलोमीटर. डॉक्टरांसाठीच्या पट्टीवर ठरावीक ठोके मोजताच नाडीचा वेग मिळतो. टेलिमीटर पट्टी वीज चमकणे आणि गडगडाट ऐकू येणे यांतील वेळेवरून अंतर सांगते. तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर हे त्याचे गणित.

एक यंत्र, अनेक नावे

विसाव्या शतकाच्या मध्यास बहुसंख्य स्विस कंपन्या क्रोनोग्राफचे यंत्र स्वतः बनवीत नसत. व्हालजू, व्हीनस, लँडेरॉन, लेमानिया अशा मोजक्या कारखान्यांकडून ते घ्यायचे, हवे तसे घासूनपुसून सजवायचे आणि आपल्या नावाच्या तबकडीखाली बसवायचे, अशी रीत होती. व्हालजू ७२ हे यंत्र १९६३ साली आलेल्या रोलेक्स डेटोनाचा आधार ठरले. त्याच वर्षीच्या ह्यूअर कारेरामध्ये आणि एनिकार कंपनीच्या शेर्पा ग्राफमध्येही तेच होते. चंद्रावर पोहोचलेल्या ओमेगा स्पीडमास्टरचे यंत्रही लेमानियाच्या आराखड्यावर बेतलेले होते.

परिणामी आज एकाच यंत्राची दोन घड्याळे शेजारी ठेवली, तरी त्यांच्या किमतींत अनेक पटींचा फरक असतो. अर्थात, ही फट हळूहळू भरत चालली आहे. व्हालजू ७२ असलेली अल्पपरिचित नावेही आता जाणकारांनी हेरली आहेत. म्हणून नव्या संग्राहकाने एक पायरी खालून सुरुवात करणे हिताचे ठरते.

फेवरलुबा : मुंबईचा वारसा

फाव्र-ल्युबाची परंपरा ल लोकल या स्विस गावात १७३७ पासून सुरू होते. कंपनीने १८६५ च्या सुमारास भारताच्या बाजारात पाऊल टाकले आणि मुंबई हे तिचे येथील ठाणे झाले. सी-चीफ, सी-किंग ही तिची साधी चावीची घड्याळे भारतीय मध्यमवर्गाच्या मनगटावर पिढ्यान्‌पिढ्या राहिली. हवेच्या दाबावरून उंची दाखविणारे ‘बिव्हुआक’ हे तिचे १९६२ चे घड्याळ गिर्यारोहकांमध्ये नावाजले. २०११ मध्ये टायटनने हे नाव विकत घेतले आणि २०२३ मध्ये ते इथॉस या भारतीय विक्रेत्या कंपनीकडे गेले.

भारतात एच.एम.टी.चे उत्पादन १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाले. तिचा भर तीन काट्यांच्या साध्या घड्याळांवर राहिला. त्यामुळे देशातील जुने यांत्रिक क्रोनोग्राफ प्रामुख्याने बाहेरून आलेले आहेत. गोव्याची स्थिती याबाबतीत थोडी निराळी. मुक्तीपूर्व काळात परदेशी घड्याळे येथील बाजारात सहज मिळत. पुढे बोटीवरील तारवटी आणि आखातात नोकरीस गेलेले गोमंतकीय परतताना घड्याळ आणीत. आजोबांच्या पेटीतील बंद घड्याळाला दोन कळा आहेत का, हे विकण्यापूर्वी एकदा पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

परवडणारे पर्याय

लँडेरॉन : १९३७ पासून प्रचारात आलेल्या लँडेरॉनच्या यंत्रांनी क्रोनोग्राफ स्वस्त केला. खर्चिक ‘कॉलम व्हील’ऐवजी यात साध्या पत्र्यासारख्या कॅमची योजना होती. ‘लँडेरॉन ४८’ मध्ये वरची कळ मोजणी केवळ सुरू करते. थांबविणे आणि शून्यावर आणणे ही दोन्ही कामे खालच्या कळेची. हे ठाऊक नसलेला ग्राहक घड्याळ नादुरुस्त समजतो. ‘क्रोनोग्राफ सुइस’ एवढेच लिहिलेल्या सोनेरी घड्याळांत हीच यंत्रे पुष्कळदा दिसतात. त्यांचे सोने खरे असले, तरी अत्यंत पातळ असते. वजन पाहून फसू नये.

व्हालजू ७७३३ आणि ७७३४ : व्हालजूने १९६६ मध्ये व्हीनस कारखाना ताब्यात घेतला. व्हीनस १८८ या यंत्रातून ही मालिका विकसित झाली. ७७३४ मध्ये तारीखही असते. १९७० च्या दशकातील असंख्य लहान स्विस कंपन्यांनी ती वापरली असल्याने सुटे भाग अजून मिळतात.

पोल्योत ३१३३ : सोव्हिएत संघाने ७७३४ ची यंत्रसामग्री स्वित्झर्लंडकडून घेतली आणि मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्यात १९७६ पासून हे यंत्र बनू लागले. स्विस घराण्याचे हे रशियन अपत्य आजही तुलनेने स्वस्त आहे.

टिसॉट : ओमेगा आणि टिसॉट १९३० मध्ये एकत्र आल्या, १९३२ मध्ये लेमानिया त्यांना मिळाली. त्यामुळे टिसॉटच्या त्या काळातील अनेक क्रोनोग्राफमध्ये लेमानियाची यंत्रे आहेत. स्पीडमास्टरच्या या चुलत भावंडांना नावाचे वलय नाही, एवढेच.

सायको ६१३९ : १९६९ साली स्वयंचलित क्रोनोग्राफ बाजारात आणण्याची तिहेरी चुरस लागली. एकीकडे झेनिथ, दुसरीकडे ह्यूअर-ब्राइटलिंग-ब्युरेन यांचा गट आणि तिसरीकडे जपानची सायको. सायकोचे ६१३९ हे घड्याळ त्याच वर्षी मे महिन्यात जपानमध्ये विक्रीस आले. त्यात कॉलम व्हील आहे आणि मोजणी सुरू होताना काटा थरथरू नये अशी उभ्या क्लचची रचनाही आहे. नोव्हेंबर १९७३ ते फेब्रुवारी १९७४ या ८४ दिवसांच्या स्कायलॅब मोहिमेत अंतराळवीर विल्यम पोग यांनी स्वतःचे पिवळ्या तबकडीचे ६१३९ सोबत नेले. अंतराळात गेलेल्या पहिल्या काही स्वयंचलित क्रोनोग्राफपैकी ते एक. प्रत्यक्ष तेच घड्याळ २००८ च्या लिलावात सुमारे सहा हजार डॉलरना गेले. न्यूमन यांच्या घड्याळाला मिळालेल्या रकमेशी त्याची तुलना केली, तर नावाच्या किमतीचा अंदाज येतो.

खरेदीपूर्वीची तपासणी

स्वस्त घड्याळ घेताना सर्वांत मोठा धोका असतो तो नव्याने रंगविलेल्या तबकडीचा. मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी आणि ऑनलाइन विक्रीत जुने यंत्र, नवी रंगवलेली तबकडी आणि भलतेच काटे असा मेळ सर्रास दिसतो. परदेशी संग्राहकांनी त्याला ‘मुंबई स्पेशल’ असे नावच ठेवले आहे. पन्नास वर्षांचे घड्याळ कालच कारखान्यातून आल्यासारखे झगझगीत दिसले, की शंका घ्यावी. अक्षरांच्या कडा भिंगाखाली पाहाव्यात. हाताने रंगवलेली अक्षरे जाड व अस्पष्ट असतात. छोट्या तबकड्या मध्यापासून सरकलेल्या नाहीत ना, हेही पाहावे.

मागचे झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या स्विस यंत्रांवर बॅलन्स व्हीलखाली निर्मात्याचे चिन्ह व यंत्राचा क्रमांक कोरलेला असतो. व्हीनस १७५ च्या आराखड्यावर चीनमध्ये आजही यंत्रे तयार होतात आणि जुन्या नावाच्या तबकडीखाली ती घालून विकली जातात. क्रमांक पाहिल्याने ही फसवणूक टळते. सायकोच्या झाकणावरील अनुक्रमांकाचा पहिला अंक निर्मितीवर्षाचा अखेरचा अंक असतो आणि दुसरे स्थान महिन्याचे. तबकडीची शैली या वर्षाशी जुळायला हवी.

त्यानंतर क्रोनोग्राफ किमान अर्धा तास चालवून पाहावा. काटा नेमका शून्यावर परततो का, मिनिटांचा काटा साठाव्या सेकंदाला पुढे सरकतो का आणि मोजणी सुरू होताच घड्याळ मंदावते का, या तीन प्रश्नांची उत्तरे दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज देतात. हा खर्च खरेदीच्या रकमेइतकाही होऊ शकतो. क्रोनोग्राफ खोलून पुन्हा बसवू शकणारे घड्याळजी विरळ होत चालले आहेत. म्हणून आधी घड्याळजी शोधावा आणि मग घड्याळ, हा क्रम शहाणपणाचा.

दमट हवेतील जपणूक

कोकण व गोव्याच्या दमट हवेत पोलादी भागांवर गंज लवकर चढतो. जुन्या घड्याळावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असले, तरी त्याचे रबर केव्हाच कडक झालेले असते. पावसात आणि समुद्रावर ते घालू नये. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावे, चामडी पट्टा काढून ठेवावा. १९६० पूर्वीच्या अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर बहुधा रेडियमचा लेप असतो. त्याची चमक विझली, तरी किरणोत्सार टिकून राहतो. असे घड्याळ घरी उघडू नये आणि तबकडी खरवडू नये.

विकत घेतलेल्या घड्याळाची पावती, दुरुस्तीची तारीख आणि बदललेल्या भागांची नोंद ठेवणे हाही संग्रहाचाच भाग आहे. काढलेला जुना काटा किंवा तबकडी घड्याळजीकडून परत मागून घ्यावी. ही घड्याळे पुन्हा बनणार नाहीत. प्रत्येक रंगकामागणिक आणि प्रत्येक चुकीच्या दुरुस्तीगणिक अस्सल घड्याळांची संख्या एकाने कमी होते. कमी पैशांत घेतलेले, पण मूळ रूपात जपलेले लँडेरॉन किंवा सायको पुढच्या पिढीच्या हाती चालत्या स्थितीत जाते, तेव्हा तबकडीवरील नाव कोणाचे होते, हा प्रश्न दुय्यम ठरतो.