पाचगणीचा विद्यार्थी आणि १९७५ ची तबकडी

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हिवाळ्यामध्ये पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते. जाणता व्यापारी गावाचे नाव ऐकून भाव बोलत नाही. वरचा थर बाजूला सारून तळची फळे पाहतो. पाचगणीच्याच एका विद्यार्थ्याच्या कामगिरीची पारख आम्ही ह्याच रीतीने करणार आहोत.

फारोख बलसारा ह्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. लहानपणीच त्यास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडण्यात आले. तेथे तो पियानो शिकला आणि १९५८ साली सोबत्यांबरोबर त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. १९६४ च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर हे कुटुंब इंग्लंडात गेले. तेथे १९७० साली ‘क्वीन’ हा संच उभा राहिला आणि फारोखचा फ्रेडी मर्क्युरी झाला.

ह्या संचाची ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ ही तबकडी नोव्हेंबर १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. हार्ड रॉकविषयी आपल्याकडे दोन मते आढळतात. कोणी म्हणतो, हा निव्वळ गोंगाट. कोणी म्हणतो, फ्रेडी तर आपल्या पाचगणीचाच! दोघांनीही पेटी उघडलेली नसते.

उघडून पाहिली तर काय दिसते? पहिल्याच गाण्यात पियानोच्या पाठोपाठ गिटार संतापाने कडाडते. ही गिटार ब्रायन मे ह्याने वडिलांच्या मदतीने घरी बनविली. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या लाकडाची आहे. खगोलशास्त्राचा अभ्यासक असलेल्या ह्याच मेने एका साध्या, लोकगीतासारख्या चालीत अंतराळप्रवाशांची व्यथा घातली आहे. त्यांचे एक वर्ष सरते तोवर पृथ्वीवर पिढ्या उलटलेल्या असतात. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गीत पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे. त्यातील प्रचंड गायकवृंद म्हणजे मर्क्युरी, मे आणि टेलर ह्या तिघांचेच आवाज, चोवीस पदरी फितीवर थरावर थर चढविलेले. एकदोन हलकी गाणी ह्या भारदस्त शेजारात उपरी वाटतात, हेही सांगितले पाहिजे.

परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. हे गीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले ते ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी. त्याच तारखेस, १८८० साली, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले होते. पारशी मंडळींचे ‘इंद्रसभा’ पाहून किर्लोस्करांना त्याची प्रेरणा झाली, असे नाट्येतिहास सांगतो. तारीख जुळली हा योगायोग. त्यावरून एकाचा धागा दुसऱ्याशी जोडणे हे इतिहासाचे काम नव्हे. मात्र परक्या घरची रीत आणून तिला आपल्या घरात नांदविण्याचे धाडस दोन्हीकडे एकच आहे. किर्लोस्करांनी ऑपेऱ्याच्या कल्पनेत कीर्तनाच्या आणि लावणीच्या चाली आणल्या. मर्क्युरीने रॉकमध्ये ऑपेरा आणला. ज्या पुण्याने पहिल्या प्रयोगाला डोक्यावर घेतले, त्याने दुसऱ्याला न ऐकताच गोंगाट म्हणावे, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

मग पाचगणीचे श्रेय किती? पियानोवरचे शिक्षण आणि पोरवयातला पहिला वाद्यवृंद, एवढे निश्चित. बाकीचे चौघांच्या इंग्लंडातील कष्टांचे. तेवढ्यावरच हक्क सांगावा. आणि तोही तबकडी दोन्ही बाजूंनी ऐकून झाल्यावर.