बाळाचे दुपटे

स्मरणिकेसाठी यंदा पाककृती पुष्कळ आल्या आहेत, तेव्हा तुम्ही काही जुन्या रीतीभातींवर लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गडकोटांचा इतिहास लिहिणे माझ्या आवाक्यातले नव्हे. पण बाळंतिणीच्या खोलीलाही इतिहास असतो, आणि तो आपण बायकांनी लिहिला नाही तर कोण लिहिणार? म्हणून तान्ह्या मुलाला दुपट्यात गुंडाळून निजवण्याची आपली जी रीत, ती कशी चालत आली आणि आज तिच्यातले काय ठेवावे, काय सोडावे, एवढाच विषय मी घेतला आहे.

आपल्या मुळशी खोऱ्यात हे कसे चाले, ते नव्या सुनांना फारसे माहीत नाही. धुऊन धुऊन मऊसूत झालेले नऊवारी जुनेर फाडून त्याची बाळोती करीत. नवे कापड टोचते, म्हणून ते बाळाच्या अंगाला लावीत नसत. दुपट्याचा वरचा कोपरा दुमडून त्यावर मूल ठेवायचे. हात दोन्ही अंगांशी सरळ, पाय गुडघ्यावर दाबून सरळ. मग एक पदर या अंगाने, दुसरा त्या अंगाने, खालचा शेव वर, आणि वरून कापडाची पट्टी नाहीतर नाडा. मूल मुसळासारखे ताठ झाले की म्हातारी समाधानाने म्हणे, "आता दचकायचं न्हाई." डोक्याला टोपडे, आणि बाहेर काढायचे झाल्यास वरून खणाची कुंची. पावसाळ्यात मोठी पंचाईत बाळोती वाळवण्याची. ताम्हिणीच्या अंगाला श्रावणात चार चार दिवस ऊन डोळ्यांस पडत नाही. तेव्हा शेगडीत निखारे घालून त्यावर बांबूची टोपली उपडी घालीत आणि टोपलीवर बाळोती पसरीत. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणीची साले. त्या वासावरून या घरात बाळंतीण आहे, हे वाटेने जाणाऱ्यालाही कळे.

हे सारे गारठ्याच्या धास्तीने होते, आणि ती धास्ती खोटी नव्हती. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिलला, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला व पुढे सेनापती बापटांनी तो लढवला, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. धरण व्हायचे ते झालेच आणि लोकांना घरे सोडावी लागली. माझ्या आजेसासूबाई तेव्हा परकरी पोर होत्या. त्यांचे गाव उठले त्या साली त्यांच्या आईला भर पावसात, कुडाच्या खोपटात मूल झाले. चूल पेटेना, घरात कोरडे फडके उरले नाही. ओल्या घोंगडीत गुंडाळून मूल कसेबसे रात्र काढत राहिले आणि तिसऱ्या दिवशी गेले. सटवाईने नेले, असे सगळे म्हणाले. आजेसासूबाई मात्र नव्वदीला टेकल्या तरी म्हणत, "सटवाईनं न्हाई, गारठ्यानं नेलं." पुढे त्यांनी स्वतःची आणि आळीतली कितीतरी मुले न्हाऊमाखू घातली. त्या मुलांना इतक्या घट्ट का बांधीत, असे कोणी विचारले तर त्या ही एकच गोष्ट सांगत.

गुंडाळण्याची शिकवण आपल्या वैद्यांचीही फार जुनी आहे. नव्या बाळाला क्षौमात, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडात, गुंडाळून तशाच कापडाच्या अंथरुणावर निजवावे, असे सुश्रुताने सांगितले आहे. चरकाचे सांगणे तर अगदी घरातल्या बाईचे वाटते. बाळाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके व स्वच्छ असावे. घामाने, मुताने भरलेले टाकून द्यावे. दुसरे नसेल तर तेच नीट धुऊन, धुरी देऊन, कोरडे करून वापरावे. हे मला प्रथम वाचून दाखवले तेव्हा आमची उपडी टोपलीच डोळ्यांपुढे आली. 'दुसरे नसेल तर' हे म्हणायला गरिबाचे घर पाहिलेले असावे लागते.

आपल्या पुण्यात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टरीची पदवी मिळवली. त्या पदवीच्या प्रबंधाला त्यांनी विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिविद्येचा. जुने ग्रंथ आणि नवे शास्त्र दोन्ही त्यांनी समोर ठेवले. त्यांचे स्वतःचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते आणि तेव्हा त्यांचे वय होते चौदा. हा विषय त्यांनी का निवडला असेल, हे कोणा आईला वेगळे सांगायला नको.

बाळ बांधणे ही केवळ आपलीच रीत आहे असे नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी अनाथ मुलांच्या जुन्या आश्रमावर १४८७ च्या सुमारास बसवलेली निळ्या-पांढऱ्या मातीची गोल चित्रे आहेत. त्यांतली तान्ही मुले पट्ट्यांनी गुंडाळलेली आहेत. त्या रीतीवर पुढे विल्यम कॅडोगन नावाच्या इंग्रज डॉक्टराने १७४८ साली टीका केली आणि १७६२ साली फ्रान्समध्ये रूसोने तर आपल्या शिक्षणावरच्या ग्रंथात तिच्यावर कोरडेच ओढले. दाया मुलाला करकचून बांधतात, खिळ्याला गाठोड्यासारखे अडकवतात आणि आपल्या कामाला जातात, असे त्याचे म्हणणे. बोलणे खरे असेल. पण या गृहस्थाने आपली पाचही मुले अनाथाश्रमात धाडली होती, तेव्हा दायांना नावे ठेवण्याचा त्याचा अधिकार किती, हा प्रश्न मला पडतोच.

मात्र बांधण्यातला दोष रूसोने सांगितला म्हणून सिद्ध झाला नाही. तो पुढे हाडांच्या डॉक्टरांनी दाखवला. पोटात असताना मुलाचे पाय वर मुडपलेले असतात. जन्मल्याबरोबर ते ओढून सरळ केले आणि तसेच बांधून ठेवले, तर मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसत नाही, कधी निखळतोही. जपानात १९७५ च्या सुमारास तान्ह्या मुलांचे पाय सरळ बांधू नका असा मोठा प्रचार झाला आणि खुबा निखळलेली मुले पुष्कळच कमी झाली. आपल्याकडे मूल जरा धरू लागले की कडेवर बसते, पाय दोन्हीकडे फाकलेले. खुब्याला ही बैठक उत्तम, असे डॉक्टर सांगतात. म्हणजे आपल्याच घरात एक रीत खुबा बिघडवणारी होती आणि दुसरी तो सांभाळणारी.

गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या एका घरी यावरूनच सासू-सुनेत अबोला धरण्यापर्यंत मजल गेली. सून म्हणे, दवाखान्यात सांगितले आहे, बांधायचे नाही. सासू म्हणे, मी चार वाढवली ती बांधूनच. मला विचाराल तर दोघी दोन निराळ्या गोष्टींवर भांडत होत्या. सासूला ऊब हवी होती, सुनेला आवळणे नको होते. दुपट्यात या दोन्ही गोष्टी इतकी वर्षे एकत्र गुंडाळल्या गेल्या, की त्या वेगळ्या आहेत हेच आपण विसरलो.

उबेचे मोल किती, ते आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात दिसून आले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथल्या खेड्यांत गावच्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले. घरोघर जाऊन बाळाचे वजन करणे, ताप-गारठा पाहणे, श्वास मोजणे, अशक्त बाळाला उबदार ठेवणे, जंतुदोष झाला तर औषध देणे, ही त्यांची कामे. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण तेथे हजारी ६२ होते, ते काही वर्षांत २५ च्या आसपास आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय साप्ताहिकाने ते छापले. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाला पाहायला घरी येतात, त्यामागे या कामाचाच आधार आहे. तिकडे दक्षिण अमेरिकेत कोलंबियातील बोगोटा शहरी १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी अपुऱ्या दिवसांच्या मुलांना आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवण्याची पद्धत काढली. तिला कांगारू पद्धत म्हणतात. तेव्हा चांगली ऊब देणारे पहिले दुपटे म्हणजे आईचे अंगच. बाहेरून कापड असावे ते कोरडे.

झोपवण्याची तऱ्हाही याच काळात बदलली. इंग्लंडात १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून मुलाला उताणेच निजवा असा प्रचार झाला. पाळण्यात झोपेत अचानक दगावणारी मुले त्यानंतर निम्म्याहून कमी झाली. गुंडाळलेले मूल पालथे निजवणे तर फारच धोक्याचे, कारण हात बांधलेले असले की त्याला तोंड मोकळे करता येत नाही. म्हणून दुपटे खांद्याखाली राहावे, छातीपाशी आपली दोन बोटे सहज जावीत, आणि कमरेखाली ते इतके सैल असावे की बाळ पाय बेडकासारखे मुडपू शकेल. वर नाडा नको. निजताना कुंचीचे बंद सोडावेत, मोहरीची उशी आणि जाड गोधडी तोंडापासून दूर ठेवावी. मूल कुशीवर वळण्याची खटपट करू लागले की गुंडाळणे बंद.

शेगडीविषयी मात्र मी जुन्या बायांच्या बाजूने बोलणार नाही. दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवली की विषारी वायू साचतो, आणि धुरी बाळाच्या छातीला सोसत नाही. टोपली हवी तर पडवीत ठेवावी, बाळोती तेथे वाळवावीत. जन्मल्याबरोबर न्हाऊ घालण्याची घाईही नको; पहिला दिवस जाऊ द्यावा. आणि गुंडाळलेले मूल गाढ निजते, त्याला लोक गुणाचे बाळ म्हणतात. पण कमी वजनाच्या बाळाला दोन-तीन तासांनी उठवून पाजलेच पाहिजे.

पोटाला आणि तळपायाला आपल्या हाताची मागची बाजू लावून पाहावी. पोट कोमट आणि पाय गार लागले तर बाळ गारठू लागले आहे, त्याला लगेच अंगाशी घ्यावे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्या आल्या की दुपटे सोडून बाळ त्यांच्यापुढे ठेवावे, दृष्ट लागेल म्हणून झाकून ठेवू नये. श्वास मोजायचा तर त्यांना बाळाचे पोट हलताना दिसावे लागते.