हिऱ्याच्या शोधात सापडलेली धार

सुरीला धार लावायचा हाती धरण्याजोगा शार्पनर आता आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात सर्रास मिळतो. प्लास्टिकची मूठ, पुढे दोन-तीन खाचा, बाकी काही नाही. डाव्या हाताने तो ओट्यावर दाबून धरायचा, उजव्या हाताने सुरी खाचेतून ओढायची. चार वेळा ओढली की दबून फुटणारा टोमॅटो सालीसकट सरळ चिरला जातो. इतक्या साध्या वस्तूला कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण एकदा शार्पनर उजेडात धरून खाचांच्या आत बघावं.

पहिल्या खाचेत करड्या-काळ्या रंगाचे दोन इवलेसे तुकडे तिरके बसवलेले असतात. करंगळीच्या नखापेक्षाही लहान. दोघांच्या कडा खाली एकमेकींना छेदतात आणि वर उघड्या चिमट्यासारखी फट राहते. हे टंगस्टन कार्बाइड. दुसऱ्या खाचेत तशाच छेदणाऱ्या दोन पांढऱ्या कांड्या असतात, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागणाऱ्या. ही सिरॅमिक, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. महाग शार्पनरमध्ये तिसरी खाच असते आणि तिच्यातल्या धातूवर बारीक चमचमणारी पूड बसवलेली असते. ती खऱ्या हिऱ्याची, कारखान्यात तयार केलेल्या. या तिन्ही पदार्थांची घराणी वेगवेगळी आहेत, पण तिघांचंही रत्नांशी नातं आहे. यातला एक तर आपल्याच मातीतला.

पोलाद झिजवायचं तर त्याच्याहून कठीण असं काहीतरी लागतं. धारेच्या इतिहासात पहिली अडचण हीच होती. माणसाने हजारो वर्षं वाळूच्या दगडावर भागवलं. वाळूचे कण म्हणजे गारगोटी. १८१२ मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस याने काठिण्याची जी पट्टी बसवली, तिच्यात गारगोटी सातव्या पायरीवर येते. पाणी दिलेलं चांगलं पोलादही जवळपास तिथेच. म्हणून गारगोटीच्या दगडावर धार लागते, पण वेळ घेऊन. शेतकरी निसण्यावर पाणी टाकून विळा कितीतरी वेळ पाजवत बसतो, त्याचं कारण हेच.

मोसच्या पट्टीत नवव्या पायरीवर कुरुंद आहे. त्याच्या वर फक्त हिरा. माणिक आणि नीलम ही कुरुंदाचीच पारदर्शक, रंगीत रूपं. साधा, मळकट, अपारदर्शक कुरुंद दक्षिण भारतात, विशेषतः जुन्या म्हैसूर आणि सेलमच्या मुलखात, भरपूर सापडे. आपल्या कारागिरांनी त्याचा जो उपयोग केला तो मला फार मोठा वाटतो. ते कुरुंद कुटून चाळत आणि वितळलेल्या लाखेत कालवून त्याची चकती करत. लाख थंड झाली की कण घट्ट धरून ठेवी. वरचा थर झिजला की खालचे ताजे, टोकदार कण उघडे पडत. आजच्या कारखान्यांतली ग्राइंडिंगची चाकंही याच तत्त्वावर चालतात, लाखेच्या जागी बहुधा चिनी मातीचा किंवा राळेचा बंध असतो एवढंच. रत्नांना पैलू पाडणारे ही चकती वापरत आणि शिकलगारही. एक जण आसावर गुंडाळलेला चामड्याचा पट्टा मागे-पुढे ओढून चाक फिरवी, दुसरा त्यावर पातं टेकवी. तलवारी, पट्टे, खंजीर यांचं पाणी राखणारे ते शिकलगार. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हत्यारं बाळगण्यावर बंधनं आली. ज्यांच्या पूर्वजांनी तलवारी उजळल्या, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती मग सुऱ्या, कात्र्या, वस्तरे आणि विळ्या आल्या. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे शिकलगार हे आडनाव आजही आहे.

युरोपला या दगडाची नीट ओळख अठराव्या शतकात पटली. चार्ल्स ग्रेव्हिल या इंग्रज संग्राहकाने भारतातून नमुने मागवले आणि १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आशियातल्या या दगडावर निबंध प्रसिद्ध केला. त्याचं देशी नावही त्याने तसंच ठेवलं. जगभर कोरंडम म्हणतात तो आपला कुरुंद.

तोवर विलायतेत धारेचा मोठा कारभार वाळूच्या दगडावरच चालला होता. शेफील्ड हे सुऱ्या-काट्यांचं गाव. तिथे माणूसभर उंचीच्या दगडी चाकांवर वाकून कारागीर पाती घासत. कोरडं घासणाऱ्यांच्या छातीत गारगोटीची धूळ जाई आणि तरुण वयातच त्यांना धाप लागे. या दुखण्याला 'ग्राइंडरचा दमा' असं नावच पडलं होतं. काटे घासणाऱ्यांची अवस्था सर्वांत वाईट, कारण ते काम पूर्ण कोरडं. पुढे कृत्रिम चाकं आली आणि वाळूच्या दगडाची सद्दी संपली. त्यातून किती छात्या वाचल्या असतील, याचा विचार सुऱ्यांच्या इतिहासात फारसा कोणी करत नाही. करायला हवा.

ती कृत्रिम चाकं आली हिऱ्याच्या हव्यासातून. एडवर्ड गुडरिच अॅचेसन हा अमेरिकन माणूस, तरुणपणी एडिसनच्या मेन्लो पार्कमध्ये काम केलेला. हिरा म्हणजे कार्बन, हे तोवर सर्वांना ठाऊक होतं. विजेच्या प्रचंड उष्णतेत कार्बनचा हिरा करता येईल, या आशेने १८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मोनाँगहिला या गावी त्याने लोखंडी भांड्यात चिकणमाती आणि दगडी कोळशाचा कोक घालून त्यातून जोरदार वीज सोडली. सगळं निवल्यावर कार्बनच्या कांडीला लागलेले काही चमकते कण त्याला दिसले. त्याने त्यातला एक कण पेन्सिलीच्या टोकाला चिकटवला आणि खिडकीच्या काचेवर ओढला. काच कापली गेली.

तो हिरा नव्हता. कार्बन आणि कुरुंद यांचं काहीतरी संयुग झालं असावं, अशा समजुतीने अॅचेसनने त्याला कार्बोरंडम म्हटलं. खरं तर ते सिलिकॉन कार्बाइड, कुरुंदाहून कठीण आणि हिऱ्याच्या जरा खाली. १८९३ मध्ये पेटंट मिळालं. सुरुवातीला ही पूड न्यूयॉर्कच्या रत्नकारागिरांना कॅरटला ४० सेंट या दराने विकली जाई. मग शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वेस्टिंगहाउस कंपनीला दिव्यांची काचेची बुचं घासून बसवायची होती, तिने कार्बोरंडमची चाकं मागवली. मागणी वाढली, वीज पुरेना. १८९५ मध्ये अॅचेसन कारखाना घेऊन नायगाराच्या धबधब्यापाशी गेला आणि तिथल्या नव्या जलविद्युतकेंद्राच्या अगदी पहिल्या ग्राहकांपैकी एक झाला. वाळू आणि कोक, दोन्ही स्वस्त. महाग काय ती वीज, आणि ती आता धबधबा देत होता. तेव्हापासून कार्बोरंडम घरोघरच्या ऐपतीत आलं. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात एक बाजू जाड आणि एक बारीक असा जो करडा दगड मिळतो, तो याच कुळातला.

त्याच सुमारास बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुंदही तयार होऊ लागला. वूस्टरच्या नॉर्टन कंपनीने नायगारालाच त्याचा कारखाना काढला. भारतात ग्राइंडिंगची चाकं करण्याचा उद्योग १९४१ मध्ये उरणजवळ मोरा इथे सुरू झाला. ती ग्राइंडवेल कंपनी पुढे नॉर्टनशी जोडली गेली आणि ग्राइंडवेल नॉर्टन झाली. मद्रासमध्ये १९५४ मध्ये मुरुगप्पा समूहाने कार्बोरंडम युनिव्हर्सल काढली. ज्या देशाने जगाला कुरुंद दिला, तिथे चाकांच्या रूपाने तो दीडशे वर्षांनी परत आला.

पण दगड हाताशी असला तरी दुसरी अडचण उरतेच: कोन. सुरी दगडावर साधारण वीस अंशांत तिरपी धरायची आणि शंभर वेळा फिरवली तरी तो तिरपेपणा ढळू द्यायचा नाही. मनगट जरा वर गेलं की धार गोल होते, खाली गेलं की पात्याच्या गालावर ओरखडे पडतात. शिकलगाराच्या मनगटात हा कोन वर्षानुवर्षांच्या कामाने बसलेला असतो. रोज भाजी चिरणाऱ्याला तो कुठून असणार? म्हणून कोन हाताऐवजी साधनातच पक्का करावा, ही कल्पना जुनी आहे. एकमेकींत अडकवलेल्या पोलादी चकत्यांची किंवा छेदणाऱ्या पोलादी सळ्यांची, सुरी मधून ओढायची घरगुती साधनं पाश्चात्य देशांत शार्पनरच्या आधीपासून होती. त्यांच्यात कोनाचा प्रश्न सुटला, काठिण्याचा राहिला. पोलादावर पोलाद घासलं की दोन्ही झिजणार. शिवाय दगडी कण इतक्या छोट्या तुकड्यात, इतक्या बारीक कडेवर टिकणं अवघड.

इथे पुन्हा हिऱ्याचा शोध कामी आला. फ्रान्सचा आंरी म्वासाँ १८९० च्या दशकात विजेच्या भट्टीत हिरे करू पाहत होता. त्या प्रयोगांत त्याच्या हाती टंगस्टन कार्बाइड लागलं. कठीण खूपच, पण ठिसूळ, म्हणून ते तसंच पडून राहिलं. पुढे विजेच्या दिव्यांत टंगस्टनची तार आली. केसाहून बारीक तार ओढायला हिऱ्याला भोक पाडून केलेले साचे लागत आणि ते फार महाग पडत. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत तर परवडेनातच. बर्लिनच्या ओस्राम या दिव्यांच्या कंपनीत कार्ल श्रोटर याने त्यावर उत्तर काढलं: टंगस्टन कार्बाइडची बारीक पूड थोड्या कोबाल्टबरोबर दाबायची आणि तापवायची. कोबाल्ट वितळून कणांच्या मधे शिरतो आणि त्यांना बांधतो. ठिसूळपणा बराच कमी होतो, काठिण्य राहतं. १९२३ मध्ये त्याचं पेटंट झालं. क्रुप कंपनीने हक्क घेतले आणि 'विडिया' या नावाने माल काढला. 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या जर्मन शब्दांतून ते नाव जुळवलेलं. १९२७ च्या लाइपझिगच्या जत्रेत विडियाची हत्यारं लोकांनी पाहिली आणि लेथवर धातू कापण्याची गतीच बदलून गेली. कोबाल्ट हे काम लाखेचंच करतो, हे लक्षात आलं की जुन्या शिकलगाराविषयी आदर दुणावतो.

लेथच्या टोकाला बसणारा तो तुकडा स्वस्त झाला, तेव्हा त्याची लहान भावंडं स्वयंपाकघरात आली. शार्पनरच्या पहिल्या खाचेत आहेत ती हीच. दुसऱ्या खाचेतल्या पांढऱ्या कांड्या रासायनिक दृष्टीने शुद्ध कुरुंद. आणि तिसऱ्या खाचेतली पूड शक्य झाली ती १९५४ च्या डिसेंबरात, जेव्हा अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल याने प्रचंड दाबाखाली खरोखरच हिरे तयार केले. अॅचेसन आणि म्वासाँ ज्याच्या मागे धावले, ते अखेर सापडलं आणि बव्हंशी घासकामालाच लागलं.

शार्पनरवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खरा आहे. कार्बाइडची खाच धार घासत नाही, खरवडते. सुरी ओढल्यावर खाचेखाली पांढरा कागद धरून पाहा: पोलादाचे केसासारखे बारीक किस पडतात. जोर लावून रोज ओढली तर चांगली सुरी काही वर्षांत अरुंद होते. मुठीजवळचा भाग खाचेत पूर्ण बसत नाही, तिथे पोलाद शिल्लक राहतं आणि त्याच्या पुढे खळगा पडतो. मग सुरी पाटावर टेकत नाही, कोथिंबिरीच्या काड्या अर्ध्या चिरलेल्या राहतात. पण यात दोष साधनापेक्षा वापराचा अधिक. सुरी बोथट वाटते तेव्हा अनेकदा धार झिजलेली नसते, नुसती एका बाजूला वळलेली असते. तिला काळ्या खाचेची गरजच नसते.

म्हणून इतकंच करा. एरवी पांढऱ्या खाचेतून, मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने, केवळ सुरीच्या वजनाने तीन-चार वेळा ओढा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. त्याने भागेनासं झालं तरच काळी खाच, तीही हलक्या हाताने, आणि नंतर पुन्हा पांढरी. पावाची दातेरी सुरी आणि एकाच बाजूने तासलेली जपानी सुरी या खाचांत घालू नका. आणि विळी शार्पनरला देऊ नका. तिचं पातं जाड, बाकदार आणि पाटाला पक्कं जडवलेलं असतं, त्याचा कोन प्रत्येक लोहाराचा वेगळा. गल्लीत सायकलवरचं चाक फिरवत धारवाला आला, तर तिला त्याच्याकडेच घेऊन जा.