मासळी कुणाच्या पदरात?

दोस्तांनो, आपण पूर्णेची माणसं. आपल्या नदीचं पाणी गोदावरीला मिळतं आणि गोदावरी आंध्राच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जाऊन पडते. कोकणच्या दर्याशी आपलं पाण्याचंसुद्धा नातं नाही. मग रेल्वे जंक्शनवरच्या माणसानं कोळणीचा इतिहास कशाला सांगायचा, असं वस्तीतली पोरं विचारतात.

तर ऐका. महाडच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब गेले ते समुद्रानं. 24 डिसेंबर 1927 ला मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगावच्या बंदराला उतरले. चवदार तळ्याचा सवाल सरळ होता: सगळ्यांच्या पाण्यावर हक्क कुणाचा? तोच सवाल मी आज खाऱ्या पाण्याला लावतो. एवढंच.

सिनेमानं कोळीण नाचायला लावली. डोक्यावर टोपली, कमरेला लुगडं, झालं. पण तिचं अर्थकारण कुणी दाखवलं नाही. नवरा दर्यावर जाणार, होडी किनाऱ्याला लागली की मासळी बाईच्या ताब्यात. निवडणार ती, बोंबील वाळत घालणार ती, पाटी घेऊन बाजारात बसणार ती, भाव ठरवणार ती. पैसा तिच्या कनवटीला. मराठी मुलखात किती जातींत बाईच्या हातात असा रोकडा पैसा होता? मात्र भाबडं होऊ नका. होडी नवऱ्याच्या नावावर आणि जमातीच्या पंचांत पुरुषच. तिची ताकद कागदावर नव्हती. ती हातातल्या मासळीवर उभी होती. मासळी हातातून गेली की ताकद गेली.

आणि तसंच झालं. स्वातंत्र्यानंतर सरकारनं मासेमारीचं यांत्रिकीकरण काढलं. कोळंबीला परदेशात भाव आला तसे शेटजी लोक ट्रॉलर घेऊन दर्यात उतरले. त्यातल्या कैकांनी जन्मात जाळं विणलं नव्हतं. ट्रॉलरचं जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं. पिल्लं, अंडी, गवत, सगळं ओरबाडून आणतं. पुढं पर्ससीन आलं, ते थवाच्या थवा गुंडाळून नेतं. ही मासळी गावच्या पुळणीवर येत नाही, मोठ्या बंदरात उतरते. तिथं लिलाव, तिथं दलाल. कोळीण पहाटे उठून तिथं जाणार आणि कर्जाच्या पैशानं मासळी विकत घेणार. जी मालकीण होती ती गिऱ्हाईक झाली. मुंबईच्या ससून डॉकवर (हा धक्का 1875 चा) बर्फातली कोळंबी सोलत बसलेल्या बाया बघा. बोटं कुजतात आणि मजुरी मिळते वजनावर. दर्या लुटला गेला आणि बाई लुटली गेली, या दोन घटना नाहीत. एकच आहे.

याविरुद्ध पहिली मोठी झुंज गोव्याच्या रापणकारांनी दिली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून गावानं मिळून ओढायचं लांबलचक जाळं. सत्तरीच्या दशकात माथानी साल्ढाणांच्या पुढारपणाखाली ते ट्रॉलरविरुद्ध उठले. 1978 साली देशभरच्या पारंपरिक मच्छीमारांचा मंच उभा राहिला. 1980 साली गोवा आणि केरळनं, 1981 साली महाराष्ट्रानं सागरी मासेमारीचे कायदे केले. किनाऱ्याजवळचं पाणी लहान होड्यांसाठी राखायचं, हे त्यातलं मुख्य.

कायदे आले, पण ते बोटीला ओळखतात, इंजिनाला ओळखतात, जाळ्याच्या आसाला ओळखतात. टोपलीला ओळखत नाहीत. आपल्याला हे नवं नाही. 1928 ला बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाच्या बाजूनं बोलले. 1929 ला कायदा झाला, तो कारखान्यातल्या बायांपुरता. पाटीवाली बाहेरच राहिली.

एक बारीक गोष्ट सांगतो, मला ती फार मोठी वाटते. त्या राष्ट्रीय मंचाच्या नावात आधी 'मच्छीमार पुरुष' असा अर्थ देणारा इंग्रजी शब्द होता. चळवळीतल्या बायांनी धसास लावलं आणि पुढं तिथं 'मत्स्यकामगार' आला. नाव बदलून काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी हे आपल्या नामांतरवाल्या मराठवाड्यात येऊन म्हणावं! 1989 च्या एप्रिलात याच मंचानं पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरून 'पाणी वाचवा, जीवन वाचवा' म्हणत कन्याकुमारीपर्यंत मोर्चे नेले. त्यात बाया मोठ्या संख्येनं होत्या. 1 मेच्या सभेवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या.

आपल्या राज्यातलं एक लहान उदाहरण वेंगुर्ल्याचं. तिथल्या 'स्वामिनी' बचत गटाच्या बायांनी 2017 साली मांडवी खाडीत कांदळवनाची सफर सुरू केली. वल्हं त्यांच्या हातात, पैसा त्यांच्या हातात. कांदळवनात माशांची पिल्लं वाढतात, ते तुटलं तर सफरही नाही आणि मासळीही नाही. पर्यटकांच्या जिवावरचं काम आहे, त्यानं ट्रॉलर थांबत नाही, हे खरं. पण राखणारी आणि कमावणारी बाई इथं एकच आहे.

शहरात उलटं चाललंय. 'वास येतो' म्हणून सोसायटीच्या दारातून कोळणीला हाकलतात. आपल्या आयांना कोणत्या शब्दांत हाकललं, ते आठवा.

आता वाढवण. पालघर जिल्ह्यातल्या या बंदराला 1998 मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं नकार दिला होता. त्याच प्राधिकरणानं 2023 ला होकार दिला. 30 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधानांनी पायाभरणी केली. खर्च 76 हजार कोटींच्या वर, आणि भराव टाकायचा तो 1,448 हेक्टर समुद्रात. कोळी, आदिवासी, शेतकरी, बाया-बापे वर्षानुवर्षं विरोधात उभे आहेत. तिकडं जाल तेव्हा निळा झेंडा न्या, पण भाषण आधी करू नका. बाधितांची यादी मागा. बोटवाल्यांची नावं वाचून झाली की विचारा, पाटीवाल्या बायांची यादी कुठं आहे? नसेल तर तिथंच, धक्क्यावर बसून, वही काढून ती लिहायला घ्या. नाव बाईचं, तिच्या नवऱ्याचं नव्हे.